ओढावं की सोडावं

बाबांनी दुसरं लग्न केलं त्याला चौदा महिने झाले होते, आणि त्या चौदा महिन्यांत आम्ही दोघा भावांनी त्या बाईला एकदाही हाक मारली नव्हती.

हे वाटतं तितकं सोपं नाही. एका घरात राहायचं, तिच्या हातचं जेवायचं, अंगणात दिवसातून दहा वेळा समोरासमोर यायचं, आणि तोंडातून ना नाव निघू द्यायचं, ना नातं, ना 'तू', ना 'तुम्ही'. त्याला व्याकरण लागतं. दादानं ते तयार केलं. "चहा व्हावा." "दार लावून घ्यावं." "गरम पाणी असल्यास मिळावं." कचेरीच्या भिंतीवर 'येथे थुंकू नये' लिहिलेलं असतं, त्या भाषेत आमचं घर बोलायला लागलं. मला तेवढं जमेना. मी खोकायचो. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून दोनदा खोकलो की ती वळून बघायची. तिला वाटलं माझी छाती खराब आहे. तेव्हापासून रोज सकाळी ती मला मिऱ्याचा काढा देऊ लागली आणि मी तो पिऊ लागलो, कारण नको म्हणायचं तर आधी हाक मारावी लागली असती. मी चोवीस वर्षांचा होतो आणि माझ्या छातीला काहीही झालेलं नव्हतं.

दादाच्या बायकोचं, म्हणजे वहिनीचं बरं होतं. ती पहिल्या दिवसापासून "सासूबाई" म्हणून मोकळी. "माझं काय जातंय," ती म्हणायची. "तो हुद्दा आहे. खुर्चीत कोणी का बसेना."

गाव त्या बाईला नाववाली म्हणायचं. नदीवर पूल नव्हता तेव्हा या काठापासून त्या काठापर्यंत एक जाड दोर ताणलेला असायचा, आणि ती नि तिचा पहिला नवरा तो दोर हातानं ओढत नाव पलीकडे न्यायचे. माणसं, शेळ्या, सायकली, एकदा तर दवाखान्याची लोखंडी खाट, पेशंटासकट. मग नवरा गेला आणि पुढच्याच वर्षी पूल झाला. तिचा मुलगा शहरात शिवणकाम करतो. आईनं पन्नाशीत लग्न केलं म्हणून तोही तिच्याशी बोलत नाही. वर्षातून एकदा पोलकं शिवून पाठवतो, सोबत चिठ्ठी नसते. पोलकं मात्र बरोब्बर मापात बसतं.

आमचं घर विहिरी खोदणाऱ्यांचं. एक जण खाली खडक फोडतो, एक जण वर रहाटावर असतो. रहाट म्हणजे दोन खांबांवर एक आडवं लाकूड, त्याला गुंडाळलेला दोर आणि फिरवायला एक मूठ. खालच्याचा जीव वरच्याच्या हातात. यात भावनेचं काही नाही. दोर सुटला की माणूस मरतो, एवढंच. आमची आई होती तोवर रहाटावर आई असायची. ती गेल्यावर सहा वर्षं बाबा, आणि खाली दादा. मी कडेचे दगड वाहून टाकायचो. तळाशी घण फिरवायला एकाच माणसापुरती जागा असते, आणि तो माणूस मी नव्हे हे सगळ्यांचं फार पूर्वीच ठरलं होतं.

त्या वर्षी पाऊस पाहुण्यासारखा दारातूनच परत गेला. हिवाळा सरता सरता गावातल्या जुन्या विहिरी घागर बुडवायच्याही लायकीच्या राहिल्या नाहीत. मास्तरांनी शाळेमागच्या त्यांच्या तुकड्यात आम्हाला विहीर दिली होती. अडतीस फुटांवर काळा खडक लागला. त्यानंतर रोज चार बोटं. मास्तर रोज शाळा सुटली की कठड्याशी येऊन आत डोकावायचे आणि विचारायचे, "लागलं का?" महिना संपेपर्यंत लागलं नाही तर ते भोक पाडणारं मशीन बोलावणार होते. तसं त्यांनी चांगल्या शब्दांत सांगितलं होतं. मास्तर वाईट गोष्टी नेहमी चांगल्या शब्दांत सांगत.

महिना संपायला बारा दिवस राहिले असताना बाबा पडले. जन्मभर पन्नास-पन्नास फूट उतरलेला माणूस न्हाणीघरात पडला. उंची दोन इंच. खांद्याचं हाड मोडलं आणि हात गळ्यात बांधला गेला.

संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "रहाटावर मी राहते."

आम्ही ताटात बघत होतो. बाबांनी डाव्या हातानं घास उचलला, तो अर्ध्या वाटेत सांडला, आणि तिनं काही न बोलता तो उचलून बाजूला ठेवला.

"राहावं," दादा म्हणाला. "पण त्या दोरावरून माणूस जाणार नाही. दगड जातील."

दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःचा वेगळा दोर कडेच्या बाभळीला बांधला आणि भिंतीतल्या खाचांत पाय रोवत, हातानं दोर धरत, एकटाच खाली उतरला. अठ्ठेचाळीस फूट. वर येईपर्यंत त्याच्या दंडांवर गाठी आल्या होत्या आणि चहाचा कप त्यानं दोन्ही हातांनी धरला. दोन हात अंतरावर रहाट रिकामा उभा होता.

तिनं पहिला दिवस रहाट बघण्यात घालवला. दोर सगळा उलगडला, उन्हात पसरला, वीतवीत चाचपला आणि उलट्या पिळानं परत गुंडाळला. कण्याला तेल दिलं. मग मुठीपाशी थांबली. ती मूठ आईच्या वेळची. आईचा अंगठा जिथे बसायचा तिथे लाकडात खळगा पडला होता, आणि बाबांचा अंगठा जाड असल्यामुळे तो सहा वर्षं त्या खळग्याच्या कडेवरच बसत आला होता.

तिसऱ्या सकाळी रहाटाला नवीन मूठ होती.

"जुनी मूठ कुठंय?" दादानं रहाटाला विचारलं. माणसाला विचारायचं नव्हतं म्हणून.

"चुलीत घातली," ती म्हणाली. "तडा गेला होता तिला. नख जाईल एवढा."

सकाळचा भात त्याच मुठीवर शिजला होता. दादानं दोनदा घेतला होता. मी तीनदा. दादा बाभळीमागे जाऊन उभा राहिला आणि बराच वेळ आला नाही. आला तेव्हा बाबांकडे गेला.

"आईला जाळलं," तो म्हणाला.

"आई नव्हती ती," बाबा म्हणाले. "मूठ होती."

"तुम्हाला मूठच दिसणार."

गळ्यात हात बांधलेला माणूस आधीच अर्धा हरलेला दिसतो. ती मात्र दोराचं टोक टोपल्याला बांधता बांधता म्हणाली, "मला माहीत नव्हतं ती कुणाची ते. विचारायला हवं होतं. पण तडा होता. तुमच्या आईनं पण बदलली असती."

यातलं शेवटचं वाक्य खरं होतं. म्हणूनच ते दादाला सगळ्यात जास्त लागलं.

खरी पंचाईत दुपारी सुरू झाली. आई रहाटावर होती तेव्हा दादा खालून "आई" अशी हाक मारायचा. हाकेचाच अर्थ 'ओढ' असायचा. टोपलं परत खाली हवं असलं तरच "सोड". बाबांच्या वेळी "बाबा" आणि "सोड". आता हाक मारायची नव्हती. म्हणून दादानं त्याचं सरकारी व्याकरण विहिरीत नेलं. ओढायचं असलं की "ओढावं". सोडायचं असलं की "सोडावं".

अठ्ठेचाळीस फुटांवरून शब्दाचं डोकं वर येत नाही, शेपूट येतं.

"…ओडावं!" विहीर म्हणाली.

तिनं ओढलं. टोपलं अर्ध्यावर आलं. खालून आरडाओरडा. "…ओडावं! …ओडावं!" तिनं सोडलं. टोपलं तळाला टेकलं. "…ओडावं!" तिनं ओढलं. असं सात वेळा झालं. सात हे मी मोजले नाहीत, मास्तरांनी मोजले. ते तेवढ्यात शाळा सोडून आले होते.

ती कठड्याशी वाकली. "ओढावं की सोडावं?"

"…ओडावं!"

"हे दोन्ही विध्यर्थ आहेत," मास्तर म्हणाले.

तिनं मास्तरांकडे एकदा बघितलं आणि पुन्हा खाली वाकली. "हे बघ, मला काहीही म्हण. ए म्हण. नाववाली म्हण. शिट्टी वाजव. पण दोन आवाज वेगळे दे."

खाली शांतता. घणाचा आवाजही नाही. विहिरीत शांतता असते तेव्हा ती वरपर्यंत येते, गार हवेसारखी पायांना लागते. मग सावकाश, एकेक अक्षर सुटं करून:

"…ओ…डा…वं."

त्या क्षणापासून तिनं त्याचं ऐकणं सोडून दिलं. रुसून नव्हे. कानाऐवजी हात वापरायला लागली. एक हात मुठीवर, दुसरा तळवा उघडा करून ताणलेल्या दोरावर टेकलेला, ताप बघताना कपाळावर ठेवतात तसा. अर्ध्या तासात तिच्या चुका थांबल्या. पाचव्या दिवसापर्यंत असं झालं की दादा शेवटचा दगड टोपल्यात टाकून श्वास घेऊन तोंड उघडायचा, आणि टोपलं त्याच्या नाकासमोरून वर निघून जायचं. तो उघडं तोंड घेऊन तिथेच. हे मी कठड्यावर पालथा पडून बघितलं आहे. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

"कसं कळतं?" मी विचारलं. खोकायला विसरलो.

"नदीत दोर धरला की पलीकडे कोण चढलं ते कळायचं," ती म्हणाली. "बाई चढली की दोर दोनदा दबतो. एकदा तिच्या भारानं, एकदा कडेवरच्या पोराच्या." आणि मग माझ्याकडे न बघता, "खोकला बरा दिसतोय आज."

सहाव्या दिवशी एक कपची सुटून दादाच्या पायावर आली.

"आई गं!"

हे मात्र वर लख्ख ऐकू आलं, डोक्यासकट शेपटासकट. आणि तिच्या तोंडून आपोआप गेलं, "ओ!"

सगळं थांबलं. मी टोपलं हातात धरून उभा. बाबा दगडावर बसलेले, ते जमिनीकडे बघायला लागले.

मग खालून: "तुला नाही म्हटलं."

चौदा महिन्यांतला तो पहिला 'तू'. दादाला कळलंही नाही तो निसटला ते. तिला कळलं. तिनं तोंड पुसायचं निमित्त करून ओठांवर पदर धरला.

"बरं," ती म्हणाली. "बोट हलतंय का?"



"हलतंय."

त्या संध्याकाळी जेवताना दादानं जाहीर केलं की विहीर झाली की तो मशीनवाल्यांकडे कामाला जाणार. त्यांनी बोलावलं होतं. पगार होता, टोपी होती, आणि कुणाच्या दोरावर लटकायचं नव्हतं. वहिनीला घेऊन तो तिकडेच खोली बघणार होता.

"आणि विहिरी?" बाबांनी विचारलं.

"तुम्ही दोघं खणा." हा 'दोघं' त्यानं असा उच्चारला, जसं जेवताना दाताखाली खडा आल्यावर बाहेर काढतात. "माझी हत्यारं मी नेणार. पहार माझी. मोठा घण माझा. छिन्न्या निम्म्या. रहाट दोघांचा."

"रहाट कसा वाटणार?" वहिनी म्हणाली. "मधे कापायचा? आपल्या वाटणीला आला तर बराय, त्यावर कपडे वाळत घालीन."

"तू मधे बोलू नकोस."

"मधे कुठे, मी कडेलाच बसलेय."

बाबांना पुढे काही बोलायचं होतं. ते उठायला गेले, खांद्यात कळ आली, पुन्हा बसले. त्यांच्या सदऱ्याचं वरचं बटण सुटलं होतं आणि एका हातानं लागत नव्हतं. दोन वेळा त्यांनी प्रयत्न केला. आम्ही दोघं मोठे मुलगे भिंतीकडे बघत होतो. ती उठली, त्यांच्यासमोर बसली आणि बटण लावलं. लावता लावता दादाला म्हणाली, "जायचं तर जा. माझाही गेलाय. पण रागात दगडावर घाव चुकतो. विहीर होईपर्यंत राग वर ठेवून उतर."

"मला शिकवू नये," दादा म्हणाला.

"बरं."

पुढचे दोन दिवस तो बोललाच नाही. त्याला गरजही नव्हती, टोपलं आपोआप येत-जात होतं. मी वरून बघायचो तर तळाशी फक्त त्याची पाठ दिसायची, आणि घण वर जाऊन यायचा. आवाज नंतर यायचा. आधी घण टेकलेला दिसे, मग ठण्ण. पन्नास फुटांवर डोळे आणि कान एकमेकांना सोडून देतात. त्या खडकाला आमच्याआधी कुणी हात लावला नव्हता. आमच्या आधीच्या कुणीच नाही, कधीच नाही. दादा रोज त्याच्यातून चार बोटं पुढे जात होता आणि त्याला वाटत होतं तो आमच्यापासून लांब चाललाय.

नवव्या दिवशी दुपारी आवाज बदलला.

ठण्ण नाही. बद्द. दादा थांबला. वर तिनं मान उचलली. बाबा दगडावरून उठले. विहिरीतून वास आला, लहानपणी पाटी पुसायचो तेव्हा यायचा तसा. दादानं पाचर लावली आणि तीन घाव घातले. तिसऱ्या घावानंतर जमिनीखाली कुणीतरी कूस बदलली. मला दुसरे शब्द सुचत नाहीत. माझ्या पायाखालची जमीन, पन्नास फूट वर, त्या कुशीबरोबर एवढीशी हलली.

तळाची एक शिळा कडेनं उचलली गेली आणि तिच्याखालून पाणी आलं. धार नव्हे, पत्रा. पांढरा, पुरुषभर उंच. दादा मागे पडला. शिळा परत खाली बसली, त्याच्या उजव्या पायावर.

मी कठड्यावर पालथा पडलो. बाभळीचा दोर त्याच्या हाताशी होता, पण पाय निघत नव्हता. पाणी घोट्यापर्यंत, मग लगेच गुडघ्यापर्यंत. इतकं गढूळ की त्याचे पाय दिसेनात. ती तेवढ्यात रहाटाचा दोर सोडत होती, भराभर, मूठ हातातून नाचत होती. दादानं टोक पकडलं आणि पाण्याखाली गेला. काहीतरी बांधत होता. डोकं वर आलं. तोंड उघडलं. वर आलं ते असं:

"…ओड!"

घाईत 'आवं' गळालं होतं. उपयोग नव्हता.

"ओढ म्हणतोय!" मी ओरडलो. "की सोड म्हणतोय?"

दोर त्यानं स्वतःच्या कमरेला बांधला असेल तर ओढल्यावर पाय जागच्या जागी राहील आणि माणूस वर येईल. शिळेला बांधला असेल आणि ओढलं नाही, तर तो आमच्या डोळ्यांदेखत बुडेल. पाणी मांड्यांवर आलं होतं. जेवण घेऊन आलेली वहिनी डबा हातात तसाच धरून माझ्याशेजारी उभी होती. बाबा एका हातानं रहाटाचा अडसर, म्हणजे रहाट उलटा फिरू नये म्हणून घालतात ते लाकूड, धरून होते.

तिनं दोर ताणून धरला. दोन्ही तळवे त्यावर ठेवले. मग गाल टेकवला आणि डोळे मिटले.

मी लहानपणापासून घाई बघितली आहे. विहिरीच्या कामात घाईच असते. पण त्या दुपारी, खाली पाणी गरजत असताना, एक बाई दोराला गाल लावून उभी होती आणि तिला कसलीही घाई नव्हती. झोपलेल्या पोराचा श्वास बघावा तशी ती ऐकत होती. किती वेळ गेला? मास्तर नव्हते, नाहीतर मोजलं असतं.

"शिळेला बांधलाय," ती म्हणाली.

"कशावरून?"

"माणूस थरथरतो."

वहिनीनं डबा टाकला आणि मुठीला हात घातला. मी दुसऱ्या बाजूनं. दोर इतका ताणला की त्याच्या पिळांतून पाणी उडालं. काही हललं नाही. ती म्हणाली, "झटका नको. नुसतं लटका." आम्ही लटकलो. मुठीवर तीन माणसांचं वजन, अडसरावर बाबांची छाती. कुठेतरी खूप खोल काहीतरी बोटभर कललं. आणि दोर एकदम हलका झाला.

"निघाला पाय," ती म्हणाली, आणि दोर दोन हात ढिला सोडला. मग थांबली.

ते थांबणं सगळ्यात कठीण होतं. ढिला दोर हातात घेऊन थांबायचं. पाणी त्याच्या छातीला होतं. तो पुन्हा पाण्याखाली गेला, शिळेची गाठ सोडायला. वहिनी काही म्हणत होती, शब्द नव्हते ते. मग दोराला हळूहळू वजन आलं. तिचा चेहरा बदलला.

"हात लाव," ती मला म्हणाली. "बघ."

मी तळवा टेकवला. दोर थरथरत होता. बारीक, सतत. माझा भाऊ, एकतीस वर्षांचा, दाराच्या चौकटीत मावत नाही एवढा, पन्नास फूट खालून माझ्या तळहातात थरथरत होता. तो कुणालाही कधी दिसला नसता असा. चौदा महिने आम्ही तिच्यापासून जे सगळं लपवत होतो ते तिच्या हातात बहुतेक आधीच येऊन गेलं होतं. नुसत्या दगडांच्या टोपल्यांवरून.

"आता तो आहे," ती म्हणाली. "हळू."

दादा वर आला. निळा पडला होता, उजव्या पायाची दोन नखं गेली होती. वहिनीनं त्याला पकडलं आणि पाठीत दोन धपाटे घातले. तो कठड्याला टेकून बसला, बराच वेळ धापा टाकत राहिला, आणि पहिलं वाक्य बोलला ते असं:

"पहार खाली राहिली."

पाणी चढत होतं. आम्ही सगळे कठड्याला धरून बघत राहिलो. भिंतीतली एकेक खाच बुडत होती. दादानं चार महिने ज्या खाचांत पाय रोवले होते त्या, एक, मग दुसरी, मग तिसरी, कसलाही आवाज न करता. गर्जना केव्हाच थांबली होती. वर आल्यावर पाणी शांत झालं आणि त्यात आभाळाचा एक गोल तुकडा दिसायला लागला. तो तुकडा आमच्याकडे चढून येत होता. मास्तर आले. कठड्याशी उभे राहिले. त्यांनी काही विचारलं नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि पुन्हा घालायचं विसरले.

"नदी मी जन्मभर आडवी बघितली," ती म्हणाली. "पाणी उठून उभं राहतं हे माहीत नव्हतं."

चार वाजता मशीनवाले आले. मास्तरांनी तीन दिवसांपूर्वीच निरोप धाडला होता आणि कुणाला सांगायचं राहून गेलं होतं. ट्रकमधून तिघं उतरले, टोप्या घातलेले. विहिरीत डोकावले. मग त्यांनी आमच्याकडे पाणी मागितलं, कारण त्यांचं इंजिन तापलं होतं. दादानं लंगडत जाऊन त्यांना स्वतः बादली काढून दिली. त्यांच्यातला म्होरक्या म्हणाला, "मग, एक तारखेपासून येतोस ना?" दादा म्हणाला, "पाय बघता ना?" म्होरक्या म्हणाला, "पाय बरा होईल." दादानं त्याच्याकडे नीट बघितलं, जसं काही तो माणूस फार लांबून बोलतोय, आणि म्हणाला, "आधी इंजिन गार करा तुमचं."

दुसऱ्या सकाळी पाणी तिसाव्या फुटावर थांबलेलं होतं. पण वीस फुटांवर भिंतीत एक दगड सैल होऊन लोंबत होता. पाणी भरणाऱ्याच्या डोक्यात पडला असता. तो काढल्याशिवाय विहीर मास्तरांच्या ताब्यात देता येत नव्हती.

"मी उतरतो," मी म्हणालो.

"तुला दगड कळत नाहीत," दादा म्हणाला.

त्याच्या पायाला हे एवढं फडकं गुंडाळलेलं होतं. खाचांत तो पाय रोवणं शक्य नव्हतं. तो बाभळीकडे गेला नाही. लंगडत रहाटापाशी आला, बसायची फळी दोराला अडकवली, आणि हात वर करून उभा राहिला. शिंप्याकडे माप द्यायला उभं राहतात तसा. तिनं त्याच्या छातीभोवती दोराचा फेर घेतला, गाठ मारली, गाठीखाली दोन बोटं घालून बघितली. तो आभाळाकडे बघत होता. मग फळीवर बसला आणि कठड्यावरून सुटला.

बाबा दगडावर बसले होते ते उठून दुसरीकडे बघत उभे राहिले. मी अडसर धरला. ती एकेक हात दोर सोडत होती.

पाच फूट. दहा फूट.

"उजवा पाय भिंतीला टेकवू नकोस," ती म्हणाली. "ठणकतोय."

खालून आवाज आला, "दोरातून कळतं?"

"कळतं."

वीस फुटांवर शब्द अख्खे ऐकू येतात. दादानं दगडाला पहिला घाव घातला. माती पाण्यात पडल्याचा बारीक आवाज आला.

"आणखी काय कळतं?"

तिनं तळवा दोरावर टेकवला. "वजन बापाइतकं आहे तुझं. गुडघे पण तसेच जाणार. साठीच्या आत."

दुसरा घाव. तिसरा. दगड सुटला, पाण्यात पडला, आणि आभाळाचा तो तुकडा फुटून कितीतरी वेळ भिंतींवर हलत राहिला. दादा फळीवर बसून ते बघत होता. खाली बघत असतानाच त्यानं विचारलं:

"तेव्हा दोर कोण धरणार?"

तिनं मनातल्या मनात हिशेब केला. ओठ हलले.

"तेव्हा मी ऐंशीची असेन."

"मग?"

"मग काय," ती म्हणाली. "हळू सोडीन."